लग्न नाही, पण जोडीदार आहे: व्हिसाच्या फाइलचं काय करायचं?

प्रश्न: ताई, मी गोरेगावला राहते, वय ३१, आयटीत आहे. माझा बॉयफ्रेंड मँचेस्टरला असतो, त्याला मागच्या वर्षी आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहायची परवानगी) मिळालं. आमचं चार वर्षं चालू आहे पण सलग असं एकत्र कधी राहिलोच नाही, तो सुट्टीत आला की माझ्याकडेच उतरतो, मी दोनदा व्हिजिटर व्हिसावर जाऊन आले. फ्लॅट भाड्याचा, माझ्या एकटीच्या नावावर. सोसायटीत कटकट नको म्हणून फॉर्मवर त्याला नवरा दाखवलंय. आता अनमॅरीड पार्टनर म्हणून अप्लाय करायचंय तर एक एजंट म्हणतो, दोघांच्या नावाचं, फ्लॅटच्या भाड्याचं मागच्या तारखेचं अ‍ॅग्रीमेंट बनवून देतो, नाहीतर दोन वर्षं एकत्र राहिल्याचा पुरावा नाही म्हणून फाइल उडेल. देऊ का पैसे? लग्न करायचंच नाही असं नाही, पण व्हिसासाठी उरकून टाकायचं नाहीये.

उत्तर: नको देऊस. अगं, तो जे विकतोय त्याची तुला गरजच नाहीये आणि घेतलंस तर जी फाइल चांगली उभी राहू शकते तीच पडेल.

आधी अ‍ॅग्रीमेंटचं बघू. आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्स (भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट) रजिस्टर करावं लागतं, त्यावर दस्त नंबर असतो, तारीख असते, मालकाचा, तुझा आणि साक्षीदारांचा फोटो आणि अंगठा असतो. ते मागच्या तारखेचं होत नाही. मग हा माणूस काय देणार, तर कुठूनतरी जुना स्टॅम्प पेपर आणि त्यावर नोटरीचा शिक्का. तुझं स्वतःचं खरं रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट त्याच फ्लॅटचं, त्याच काळातलं, आणि त्यावर तू एकटी. दोन्ही कागद शेजारी ठेवले की शेंबडं पोरही सांगेल कुठला खोटा ते. ब्रिटनच्या नियमात खोटा कागद जोडला तर अर्ज जातोच, वर दहा वर्षांपर्यंत पुढचे अर्ज नाकारले जाऊ शकतात. एजंटचं काय, तो उद्या दुसरं दुकान टाकेल.

आता मुद्द्याचं. एजंटच्या डोक्यातला नियम जुना आहे. ३१ जानेवारी २०२४ पर्यंत खरंच दोन वर्षं एका छताखाली राहिल्याचं दाखवावं लागायचं. त्यानंतर बदललं, आता दोन वर्षं लग्नासारखं टिकाऊ नातं आहे हे दाखवायचं, आणि एकत्र राहता येत नसेल तर ते का हे सांगायचं. नोकरी वेगवेगळ्या ठिकाणी आहे हे कारण चालतं, इतकंच काय, तुमच्या समाजात लग्नाआधी एकत्र राहणं मान्य नाही हेसुद्धा कारण त्यांच्या सरकारी माहितीत उदाहरण म्हणून दिलेलं आहे. म्हणजे मुंबईतल्या निम्म्या जोड्यांची जी अडचण आहे ती तिथे आधीच लिहून ठेवलीय, आणि आपण इथे खोटे कागद करत बसलोय.

मग दाखवायचं काय? तुमची चार वर्षं. त्याच्या पासपोर्टवरचे मुंबईचे शिक्के, तुझ्यावरचे तिकडचे, बोर्डिंग पास, एकत्र केलेल्या ट्रिपची दोघांच्या नावाची बुकिंगं. त्याने तुला किंवा तू त्याला पाठवलेले पैसे, बँकेच्या स्टेटमेंटवर पिवळा मार्कर मारून. तो इथे असताना तुझ्या पत्त्यावर त्याच्या नावाने आलेली पार्सलं, त्यांची बिलं मेलमध्ये पडलेली असतात, ती कुणी लक्षातच घेत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं बाड नको, लोक पाचशे पानं जोडतात आणि ऑफिसर एकही वाचत नाही. दर दोन-तीन महिन्यांतून एखादा स्क्रीनशॉट, तारीख दिसेल असा, कॉल लॉग असेल तर अजून छान. सारखं ‘मिस यू’ नको, घरभाडं, आईचं ऑपरेशन, कोण कधी येणार असलं बोलणं असलेले निवड, खरं नातं त्यातच दिसतं. फोटो थोडे, पण माणसांमधले, त्याच्या घरच्या गणपतीतला, मैत्रिणीच्या लग्नातला. हे सगळं एका कव्हर लेटरमध्ये तारीखवार लिहून काढ, कधी भेटलो, कधी कोण कुठे होतं, पुढचा प्लॅन काय.

आणि सोसायटीच्या फॉर्मवरचा नवरा. हा काटा आहे बघ, कारण तू व्हिसाच्या फॉर्मवर ‘अविवाहित’ लिहिणार आणि इकडे एक कागद उलटं बोलतोय. सोसायटीचा फॉर्म पुरावा म्हणून जोडू नकोस हे तर झालंच, पण लपवूही नकोस. कव्हर लेटरमध्ये दोन ओळी लिही की अविवाहित जोडप्याला इथे भाड्याने घर मिळायला त्रास होतो म्हणून सोसायटीत आम्ही लग्न झालंय असं सांगितलं होतं, लग्न झालेलं नाही. सेक्रेटरीला भेटून फॉर्म दुरुस्त करता आला तर उत्तम, नाहीतरी तू निघणारच आहेस, काकू काय बोलायचं ते बोलतील. मात्र पोलिसांच्या भाडेकरूच्या फॉर्ममध्येही तसंच लिहिलं असेल तर एकदा वकिलाला दाखव, ते प्रकरण वेगळं. आणि घाबरू नकोस, लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही आणि पापही नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या इंद्रा सरमा निकालात म्हटलंय. सोसायटीच्या बायलॉजला ते ठाऊक नसतं एवढंच.

बाकीचं भराभर सांगते. त्याचं उत्पन्न वर्षाला २९,००० पौंड हवं, हा आकडा ११ एप्रिल २०२४ पासून आहे, आधी १८,६०० होता. एकाच कंपनीत सहा महिने झाले असतील तर त्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि त्याला जुळणारी स्टेटमेंट्स. तुझी टीबीची टेस्ट त्यांच्या यादीतल्या क्लिनिकमध्येच, फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. इंग्लिशची ए-वन लेव्हल (अगदी पहिली पायरी), डिग्री इंग्रजीतून असली तर तिची तिकडून पडताळणी करून परीक्षा टळते. अर्जाच्या फीशिवाय हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठीचे पैसे) वर्षाला १,०३५ पौंड, तो एकदम आधीच भरायचा, त्यामुळे पैशांची जुळवाजुळव आतापासून कर. व्हिसा मिळाला की ३३ महिन्यांचा असतो, मग वाढवायचा. आणि फियान्से व्हिसा (लग्न ठरलेल्या जोडीदाराचा) सोपा असं कुणी सांगितलं तर लक्षात ठेव, त्यात सहा महिन्यांत तिथे लग्न करायचं आणि तोवर नोकरी करता येत नाही. तुला ते नकोच आहे.

प्रश्न: मॅडम, मी मुलुंडचा, रिटायर्ड बँक कर्मचारी. मुलगी आणि तिचा मित्र पवईत दीड वर्षापासून एकत्र राहतात. आम्हाला ते पसंत नाही पण मुलगा चांगला आहे. तो कॅनडाच्या पीआरसाठी (कायम राहायच्या परवानगीसाठी) फाइल टाकतोय. त्याला कुणीतरी सांगितलं की आत्ता सिंगल लिही, नंतर हिला बोलावून घे. मुलगी मात्र म्हणते बाबा तुम्ही आम्ही एकत्र राहतो असं पत्र लिहून द्या. काय करावं?

उत्तर: काका, तुमची मुलगी बरोबर आहे आणि त्या सल्ला देणाऱ्याला दोन हात लांब ठेवा. कॅनडात एक वर्ष सलग एकत्र संसार केला की तुम्ही कॉमन-लॉ पार्टनर होता, ते तुम्हाला आवडो न आवडो. म्हणजे तो आज सिंगल नाहीच. सिंगल लिहून पीआर घेतलं तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक म्हणजे खोटी माहिती दिली म्हणून पाच वर्षांची बंदी, आणि दुसरी जास्त वाईट, अर्जात जिचं नाव दिलंच नाही तिला नंतर फॅमिली म्हणून स्पॉन्सर करायची वाटच बंद होते. त्याने तिचं नाव आत्ताच टाकायला हवं. त्यासाठी दोघांनी शपथेवर द्यायचं कॉमन-लॉ युनियनचं डिक्लरेशन असतं, त्याच्या जोडीला पवईच्या अ‍ॅग्रीमेंटवर दोघांची नावं, दोघांच्या आधारवर तोच पत्ता, असेल तर जॉइंट अकाउंट.

पत्राबद्दल. त्यात तुम्हाला हे नातं पसंत आहे असं लिहावंच लागत नाही. तुम्ही जे पाहिलंत तेवढं लिहा, अमुक महिन्यापासून मुलगी अमुक पत्त्यावर या मुलासोबत राहते, आम्ही तिथे जाऊन आलो, दिवाळीला दोघं घरी आले. सही, तारीख, ओळखपत्राची प्रत. खरं सांगू का, नाराज बापाचं असं कोरडं पत्र गोडगोड पत्रापेक्षा जास्त खरं वाटतं. घाईने कोर्ट मॅरेज उरकावं का असा विचार मनात असेलच, तर स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टमध्ये नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं आणि या फाइलसाठी त्याची गरजही नाही. जर्मनी असतं तर गोष्ट वेगळी, तिथे नुसत्या पार्टनरला असा व्हिसा नाही, लग्न लागतंच.

प्रश्न: आम्ही दोघं मुलगे, दादरला सहा वर्षं एकत्र राहतो, घरच्यांना आणि सोसायटीला ‘रूममेट’. पार्टनरला ऑस्ट्रेलियाचं पीआर मिळालंय. इथे लग्न होत नाही मग मला काही मार्ग आहे का? घरच्यांना न सांगता?

उत्तर: आहे. ऑस्ट्रेलियात ‘डी फॅक्टो’ नातं, म्हणजे लग्नाशिवाय जोडीदार म्हणून राहणं, मुलगा-मुलगी असो की दोन मुलगे, सारखंच मोजतात, अर्जाआधीचे १२ महिने दाखवायचे. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, त्यामुळे लग्न का नाही हे तुम्हाला समजावत बसायची गरज नाही. एक गंमत म्हणजे रूममेट असल्याचा तुम्हाला फायदाच झालाय, सहा वर्षांच्या अ‍ॅग्रीमेंटवर दोघांची नावं असतीलच ना? जुन्या प्रती हरवल्या असतील तर दस्त रजिस्टर्ड असल्यामुळे रजिस्ट्रेशन ऑफिसातून मिळतात.

पण फक्त पत्ता एक असून चालणार नाही, रूममेटही एका पत्त्यावर राहतात. व्हिसा ऑफिसर नातं चार बाजूंनी बघतात, पैसे, घर, लोकांमधली ओळख आणि एकमेकांशी बांधिलकी. तुमची कच्ची बाजू तिसरी असणार. आईवडिलांचं पत्र सक्तीचं नाही, ज्या मित्रमैत्रिणींना खरं माहीत आहे त्यांच्याकडून लिहून घ्या, त्यातले कुणी ऑस्ट्रेलियन सिटिझन किंवा पीआर असतील तर ते फॉर्म ८८८ (तुमचं नातं खरं असल्याचं साक्षीदाराचं निवेदन) भरू शकतात. बांधिलकीसाठी एकमेकांना विम्यात किंवा बँकेत नॉमिनी केलं असेल तर तो कागद वर ठेवा, केलं नसेल तर अजून कुठे नॉमिनी होता येतं ते बँकेत विचारा. फॉर्मवर फोन आणि मेल तुमचा स्वतःचा, पत्रव्यवहारासाठी घरचा पत्ता नको. फी ९,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे आणि अर्ज नाकारला तर सहसा परत मिळत नाही, म्हणून मित्रांची पत्रं हातात आल्याशिवाय सबमिट करू नका.