नागीण गेली, आग राहिली, आणि रिपोर्ट म्हणे नॉर्मल

"मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत तरी दुखतं, म्हणजे माझ्या मनाचंच आहे का हे?" हा प्रश्न महिन्यातून दोनतीनदा तरी येतोच. परवा परत एकीने विचारलं आणि मला या काकू आठवल्या. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काकू ६४ वर्षांच्या. उजव्या बरगडीवर नागीण होऊन सात महिने झालेले. आधी गेरूचा लेप झाला, मग शेजारणीने सांगितलं की विळखा पूर्ण झाला की माणूस जातो, त्या भीतीत चारपाच दिवस गेले आणि डॉक्टरकडे जायला उशीर झाला. विळखा-बिळखा काही नसतो हो, कांजिण्यांचा व्हायरस नसेच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपलेला असतो, तो जागा झाला की त्या एका नसेच्या पट्ट्यात पुरळ येतं, म्हणून ते बहुतेक वेळा एकाच बाजूला राहतं. व्हायरसवरच्या गोळ्या मात्र पुरळ आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या, म्हणून लेपात दिवस घालवू नका.

पुरळ महिन्याभरात गेलं, आग नाही गेली. ब्लाऊज घासला तरी चटका, पंख्याचा वारासुद्धा नको. आणि घरात काय, तर "आता डागपण दिसत नाही, तरी ह्यांचं चालूच."

माझ्याकडे येऊन काकूंचं पहिलं वाक्य, "मला वेडाची गोळी दिलीय." डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलीन १० एमजी दिलेली, मुलाने नेटवर बघितलं तर डिप्रेशनचं औषध, काकूंनी चौथ्या दिवशी बंद केली. ही गोष्ट मी इतक्या वेळा बघितलीय ना! अहो, एवढ्या कमी डोसमध्ये ती नसेच्या दुखण्यासाठीच देतात, फरक पडायला काही आठवडे लागतात. सकाळी गुंगी राहते म्हणून सोडली असेल तर डॉक्टरांना सांगा, ते वेळ किंवा डोस बदलून देतात. गोळ्या देणं माझं काम नाही, मी काकूंना परत त्यांच्याकडेच पाठवलं.

आणि मनाचं आहे का? तर नाही. पावसाळ्यात ओल लागली की दाराची बेल आपोआप वाजत सुटते बघा, दारात कोणी नसतं पण आवाज तर खरा असतो ना, तसं त्या नसेचं झालंय. काकू यावर रडल्या. सात महिन्यांत कोणी "खरं आहे" असं म्हणलंच नव्हतं त्यांना.

मग मी त्यांना वही दिली. किती दुखलं ते नाही लिहायचं, दिवसभरात काय केलं ते लिहायचं. दोन आठवड्यांनी वही उघडली तर गुरुवारी बरं वाटलं म्हणून माळ्यावरची सगळी पितळी भांडी काढून घासली, आणि शुक्रवार ते रविवार नुसतं "पडून". पुढच्या आठवड्यात परत तेच, फक्त भांड्यांच्या जागी गोधड्या. "बरं वाटतंय तोवर उरकून घेते" हे काकूंचं वाक्य, आणि माझ्या मते खरा घोळ इथेच असतो, दुखण्याइतकाच या उरकून घेण्यात.

मी विचारलं, अगदी वाईट दिवशीपण ओट्यापाशी किती वेळ उभं राहवतं? म्हणाल्या पंधरा मिनिटं. म्हणलं मग मोबाईलला बारा मिनिटांचा टायमर लावा, वाजला की बसायचं, दिवस चांगला असो नाहीतर वाईट. काकू भांडल्याच, "पोळ्या अर्ध्या टाकून बसू?" हो, बसा. भाजी निवडणं, लसूण सोलणं बसून करा. दर आठवड्याला एकदोन मिनिटं वाढवत जायचं. पहिले पंधरा दिवस त्यांनी माझ्या नावाने खडे फोडले असणार.

बाकी किरकोळ. ब्लाऊजच्या आत घट्ट बसणारी होजिअरीची बनियन घातल्यावर बरं वाटलं, कारण हलकं घासणं जास्त झोंबतं, नीट टेकलेला कपडा काहींना सोसतो. गरम पाण्याची पिशवी मी बंद करायला लावली, बधिर जागी भाजलेलं कळत नाही आणि काकूंना एक फोड आलेलाच होता. रात्री घर शांत झालं की दुखणं मोठं वाटतं, म्हणून उशाशी विविध भारती बारीक आवाजात. आणि मुलाला सांगितलं, दिवसातून आठ वेळा "दुखतंय का" विचारू नकोस, "आज काय केलंस आई" विचार.

दुखणं अजून आहे, कमी झालंय पण आहे. दिवाळीच्या आधी काकूंचा फोन आला होता. चकलीचे दोन घाणे काढले, टायमर वाजला, बसले, उरलेल्या चकल्या सुनेने तळल्या. "जरा मऊच पडल्यात," म्हणाल्या, "पण मी उठले नाही."