नाव लिहून घे

सांगली

चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद.

परवा तू येऊन गेलीस, चहा तसाच निवू दिलास आणि निघता निघता पर्समधून ते कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलेस. निळ्या फितीला अडकवलेले प्लॅस्टिकचे कार्ड, वर कार्यक्रमाचे नाव, खाली तारीख, आणि माणसाचे नाव लिहायच्या चौकटीत छापलेले ‘कलाकारासोबत’. पुण्याच्या त्या मैदानावर तुझा नवरा ज्या पडद्यापुढे उभा राहून गायला, तो वीस फुटी पडदा तू अकरा रात्री जागून रंगवला होतास, आणि त्याच पडद्यामागे जायला तुला हे कार्ड गळ्यात घालावे लागले. “काकू, मला वाईट का वाटते तेच कळत नाही, तो तर माझ्याशी चांगलाच वागतो,” असे तू म्हणालीस. मी गप्प बसले, कारण बोलले असते तर रागाने बोलले असते. म्हणून लिहिते आहे.

तो चांगला वागतो, हे मला मान्य आहे. पडद्यावर तुझे नाव का नाही, एवढेच मला विचारायचे आहे.

हॉटेलच्या दाराशी थांबणाऱ्या मुली, रात्री-अपरात्री येणारे फोन, महिन्यातले वीस दिवस रिकामे घर, याविषयीही तू विचारलेस. ते सगळे होते, त्रास देते आणि कालांतराने अंगवळणी पडते. त्यावर मी आणखी शाई खर्च करणार नाही. नाव नसण्याची मात्र सवय होऊ देऊ नकोस, कारण ती फार सहज होते.

तुझ्या नवऱ्याच्या खोलीत बीटल्सचे मोठे चित्र लावलेले आहे, म्हणून त्यांचीच गोष्ट सांगते. जॉन लेननने १९६२ साली सिंथियाशी लग्न केले, तेव्हा चाहत्या मुली दुरावतील या धास्तीने व्यवस्थापकाने ते लग्न झाकून ठेवायला लावले. पोटात मूल असलेल्या मुलीला आपण कोणाची बायको आहोत हे सांगायची चोरी होती. पुढे योको ओनोशी त्याचे लग्न झाले. ती स्वतः नावाजलेली कलावंत होती, तरीही १९७१ साली ‘इमॅजिन’ निघाले तेव्हा गीतकार म्हणून एकट्या लेननचेच नाव लागले. त्या गाण्याची कल्पना आणि बरेचसे शब्द योकोच्या पुस्तकातून आले होते, तिचे नाव लागायला हवे होते, असे त्याने मृत्यूच्या दोनच दिवस आधी, डिसेंबर १९८०मध्ये, बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत मोकळेपणाने कबूल केले. तिला सहगीतकाराचे श्रेय देण्याची घोषणा झाली २०१७ साली. मधे ४६ वर्षे गेली आणि ती ८४ वर्षांची झाली होती. ज्या नवऱ्याने जगासमोर कबुली दिली त्याच्या बायकोची ही कथा, तर तुझ्या नवऱ्याच्या मनातल्या कौतुकावर तू किती वर्षे विसंबून राहणार आहेस?

मी विसंबले होते. १९९३ साली यांची पहिली कॅसेट निघाली. त्यातल्या आठ गाण्यांपैकी तीन गाण्यांचे शब्द माझे होते. चार घड्यांच्या त्या छापील कागदावर शब्द, संगीत आणि आवाज या तिन्हींपुढे यांचे नाव होते, आणि आभारांच्या यादीत, माइकवाल्यांच्या खाली, ‘सौ. वहिनी’ असे दोन शब्द होते. मी तो कागद वाचला, घडी घालून पुन्हा डबीत ठेवला आणि स्वयंपाकाला लागले. घरातल्या घरात नाव कशाला, असे मला खरोखरच वाटले होते. हे लबाड नव्हते. मी मागितले असते तर त्याच दिवशी लिहून दिले असते. मी मागितले नाही, याचा सल आजही जात नाही.

पुढचे तू नातेवाइकांकडून ऐकले असशील, आता माझ्याकडून ऐक. २०१६ साली त्या गाण्यांची नवी आवृत्ती काढायची ठरली, तेव्हा कंपनीच्या वकिलाला कळले की गीतांच्या हक्कांवर माझी लेखी संमती कधी घेतलेलीच नाही. कागद आला, त्यातही गीतकार म्हणून यांचेच नाव होते. त्या वेळी हे मिरजेला दवाखान्यात होते, पैशांची गरज होती, आणि पलंगावरून यांनीच मला “सही करून टाक” असे सांगितले. मी केली नाही. माझ्या पाटल्या मोडल्या, आईकडून आलेली वीस गुंठे जमीन विकली, आणि पैशांअभावी यांचे ऑपरेशन एक दिवसही लांबले नाही, हे मी तुला शपथेवर सांगते. कागद दुरुस्त होऊन आला तेव्हा यांना जाऊन चार महिने झाले होते. नवऱ्यापेक्षा हिला नाव मोठे वाटले, असे माझी नणंद अजून म्हणते. तिला मी इतकेच सांगते की २०१९च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर चढले, गावभागातले आमचे घर छातीपर्यंत पाण्यात गेले, आणि ती तीन गाणी ज्या वहीत मी लिहिली होती तिची पाने एकमेकांना चिकटून निळ्या लगद्याचा एक गोळा झाला. तेव्हा सही केली असती, तर आज ते शब्द माझे आहेत हे कशावरून दाखवले असते? मी चुकले असे मला वाटत नाही. तुला वाटत असेल तर तोंडावर सांग.

कायदा तुझ्या बाजूचा आहे, तो नीट समजून घे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७व्या कलमानुसार हक्क विकल्यानंतरही ‘हे काम माझे आहे’ असे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो सहीनिशी लेखीच द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. तो पडदा तू स्वतःहून, कोणाची नोकरी करताना नव्हे, रंगवलास, म्हणून त्या चित्राचा पहिला हक्क तुझा आहे. आता तेच चित्र अल्बमवर घ्यायचे म्हणून करारनामा आला आहे आणि “घरचेच तर आहे” असे म्हणून तो तुला सही करायला सांगतो आहे. घरचे आहे म्हणूनच नाव लिहून घे. परक्याकडून तर कोणीही लिहून घेते.

यावरून घरात अबोला होईल, तो चार दिवस सोस. तो मुलगा मला आवडतो, त्याचे गाणेही आवडते, आणि तुमचा संसार मोडावा असे माझ्या मनात येणेही शक्य नाही. पण “त्याला वाईट वाटेल” हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारू नकोस. ते मी तेवीस वर्षे उच्चारले आहे.

रविवारी ये. करारनामा सही न करता आण, आपण ओळ न् ओळ वाचू. आणि पडदा अजून तुमच्या गच्चीवरच्या खोलीत गुंडाळून ठेवला आहे ना? पुढच्या कार्यक्रमासाठी तो गाडीत चढण्याआधी उलगड, उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात ब्रशने तुझे पूर्ण नाव आणि साल घाल, आणि तो घरी असताना, त्याच्या देखत घाल.

तुझी,
काकू