तलाव हिरवागार, मग मासे का मरतात?

प्रश्न : पाषाण तलावावर मी सकाळी फिरायला जातो, जलपर्णी वाढली की सगळे वैतागतात, पण शेवटी झाडच ना ते, ऑक्सिजन देणारच की! मग मासे का मरतात?
– एक वाचक, पाषाण

उत्तर : काका, प्रश्न भारीये. जलपर्णीचा देठ एकदा दाबून बघा, आत स्पंजसारखा, हवेने भरलेला, म्हणून ती तरंगते आणि तिची पानं पाण्याच्या वर असतात, म्हणजे ऑक्सिजन बनतो खरा पण जातो बाहेर हवेत, पाण्याला जवळपास काहीच मिळत नाही. शिवाय तिच्याखाली ऊन पोचत नाही, मग पाण्यातलं शेवाळ मरतं, ते खाणारे बारीक जीव कमी होतात, मग मासे, आणि मग माशांवर जगणारा खंड्यापण दुसरीकडे जातो. त्यात कुजणारी पानं खाणारे बॅक्टेरिया उरलासुरला ऑक्सिजन संपवतात.

हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, इथे त्याला खाणारे तिकडचे किडे नव्हते, आणि आपण सांडपाण्यातून नायट्रोजन-फॉस्फरस फुकटात पाजतो (गुलाबाला एवढं खत कोण घालतं!). नुसती उपटून काठावर ढीग लावला तर पावसात कुजून तेच खत परत पाण्यात.