जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याला आठवडाभर काय करता येईल?
जूनच्या सुरुवातीला आठवडा आहे म्हणताय तर एकदम बेस्ट टाइम, फक्त हॉटेल नको, रतनवाडी किंवा साम्रदला गावातच कुणाकडे तरी रहा, चुलीवरची भाकरी न् ठेचा मिळतो. एक पहाट कळसूबाईला द्या, १६४६ मीटर, बारी गावातून चढायचं, शिड्या आहेत. सांदण दरी पाऊस लागायच्या आत उरका, नंतर पाणी भरतं, रिस्क घेऊच नका. हरिश्चंद्रगड पाचनईवरून सोपा पडतो. पण एक रात्र फक्त काजव्यांसाठी ठेवा, टॉर्च मोबाईल सगळं बंद करून झाडाखाली गप उभं राहायचं, अख्खं झाड एकदम उजळतं न् विझतं, मी तर तास तास बघत बसतो. आणि प्लीज, काजवे बाटलीत भरू नका, गाडीचे हेडलाईट लांबच बंद करा. अमृतेश्वराचं देऊळ रतनवाडीतच, सकाळी लवकर जा.