मुलाची चोरीला गेलेली सायकल ओएलएक्सवर दिसली, आता काय करू?

प्रश्न : माझा मुलगा अकरावीला आहे, धरमपेठला ट्यूशनला जातो. मागच्या मंगळवारी क्लासच्या बाहेरून केबल लॉक कापून त्याची गिअरची सायकल नेली. 2 वर्षाआधी 14,000 ला घेतली होती, माझ्या भिशीच्या पैशातून. ठाण्यात गेलो तर सायकल हरवल्याचा अर्ज घेतला नि शिक्का मारून दिला. काल ओएलएक्सवर तशीच निळी सायकल दिसली, स्टिकर काढलेले पण उजवी ग्रिप तशीच फाटलेली. मुलगा म्हणून राहिला चार मित्र घेऊन जातो नि उचलून आणतो. जाऊ देऊ का?
— एक आई, प्रताप नगर

उत्तर : ताई, नका जाऊ देऊ. सायकल त्याचीच असली तरी समोरचा माणूस कोण आहे ते आपल्याला माहीत नाही, त्यानं कदाचित ती कोणाकडून तरी पैसे देऊन घेतली असेल, किंवा तोच चोर असेल, दोन्ही बाजूंनी पोट्टेच अडकतील, मारामारी झाली तर तक्रार तुमच्या मुलावर होईल. त्याचा राग मला कळतो, दहावीत माझी सायकल गेली होती तेव्हा मी महिनाभर रस्त्यावरची प्रत्येक सायकल वाकून बघत होतो.

आज रात्री फक्त एक काम करा, बिल शोधा. बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर फ्रेम नंबर असतो. हाच नंबर सायकल उलटी केली की पायडलची दांडी जिथून आरपार जाते त्या नळीच्या खाली ठोकलेला असतो, काही कंपन्या सीटच्या नळीवर किंवा हँडलखाली पण ठोकतात. स्टिकरवर लिहिलेलं मॉडेलचं नाव वेगळं, ते हजारो सायकलींवर सारखं असतं. चोर सीट बदलतो, रंग मारतो, पण ठोकलेला नंबर सहजासहजी जात नाही, घासला तरी घासल्याची खूण राहते. बिल नाही सापडलं तर दुकानदाराकडे जा, बिलबुकाची कॉपी असू शकते. पूर्वी सायकलीला नगरपालिकेचा पितळी बिल्ला असायचा, आता आरटीओसारखी कुठलीच नोंद नाही, म्हणून हा नंबर नि जुने फोटो हाच तुमचा पुरावा.

दुसरं, तो अर्ज. सायकल हरवली आणि चोरीला गेली हे कागदावर दोन वेगळे विषय आहेत, हरवल्याच्या अर्जावरून चोर शोधायचं काम सुरू होत नाही. परत ठाण्यात जा नि चोरीचा एफआयआर मागा, कापलेलं लॉक सोबत न्या. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, चोरीचं कलम 303. त्यात 5000 रुपयांच्या आतल्या मालाच्या चोरीसाठी हलकी तरतूद आहे, म्हणून 14,000 चं बिल दाखवणं गरजेचं. एफआयआरची प्रत तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे, आणि घ्यायला नकार दिला तर झोनच्या डीसीपींकडे म्हणजे पोलीस उपायुक्तांकडे लेखी अर्ज द्या, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हा मार्ग दिलेला आहे.

जाहिरातीचे स्क्रीनशॉट आत्ताच काढा, लिंक, विकणाऱ्याचं प्रोफाइल, सगळे फोटो, कारण जाहिरात कधीही गायब होते. त्याला चोरीबद्दल एक शब्द लिहू नका. साधं गिऱ्हाईक बनून फार तर चेनच्या बाजूचे दोन फोटो मागा, भाव ठरवू नका, ॲडव्हान्स तर मुळीच देऊ नका. हे सगळं तपास अधिकाऱ्याच्या हातात द्या नि भेटायला पोलीसच जाऊ देत.

क्लासजवळच्या दुकानांचे कॅमेरे मात्र उद्याच बघा. रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, मंगळवार होऊन गेलाच आहे. डीव्हीआरचं म्हणजे कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या डब्याचं घड्याळ बरेचदा दहा-वीस मिनिटं मागेपुढे असतं, तेव्हा मुलानं सांगितलेल्या वेळेच्या आधीचं नि नंतरचं पण बघायला सांगा, सापडलं की पेन ड्राइव्हवर घ्या.

सायकल मिळाली तरी लगेच घरी येणार नाही, ती मुद्देमाल म्हणजे केसचा पुरावा म्हणून जमा होते, कोर्टात अर्ज केला की सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर, परत मिळते, तिथं पण बिलच लागतं. केस संपेपर्यंत मग ती विकू नका नि रंगही मारू नका. सकाळी ठाण्यात जाताना मुलाला सोबत न्या, ती फाटलेली ग्रिप त्यालाच ओळखता येते.