पीसीआर ०.९७, मग सिग्नल गेला कुठे?

फर्मागुडीच्या मित्रा, तुझा प्रश्न असा: १० गिगाहर्ट्झची उभ्या ध्रुवीकरणाची (विद्युतक्षेत्र उभं डोलणारी) लहर आडवी करून परतवणारा मेटासरफेस, म्हणजे तांब्याच्या छोट्या पॅचची (तुकड्यांची) नक्षी असलेला पातळ पृष्ठभाग, १.६ मिमी एफआर-४ वर (सर्किट बोर्डाच्या नेहमीच्या फायबरग्लास पत्र्यावर) केलास, सिम्युलेशनमध्ये पीसीआर (पोलरायझेशन कन्व्हर्जन रेशो) ०.९७ आला, पण मोजणीत आडवा सिग्नल कोऱ्या तांब्याच्या पत्र्यापेक्षा साधारण ४.५ डीबी कमी. मोजणीचा हॉर्न अँटेना बिघडलाय का?

हॉर्नला हात लावू नकोस. पीसीआर म्हणजे नुसतं गुणोत्तर: परत आलेल्या ऊर्जेपैकी किती आडवी झाली एवढंच ते सांगतं. मुळात किती परत आली, हे त्यात येतच नाही. समज, आडव्या परावर्तनाचा गुणांक ०.६ आणि उभ्याचा ०.१. पीसीआर ०.३६ भागिले ०.३७, म्हणजे ०.९७! पण आडवी झालेली ऊर्जा फक्त ३६ टक्के, आणि ६३ टक्के मेटासरफेसमध्येच जळाली. ०.६ म्हणजे ४.४ डीबीची घट. तुझा आकडा हाच. मीही पहिल्या डिझाइनला असाच फसलो होतो, म्हणून एवढं पोटतिडकीनं लिहितोय.

आता यू आणि व्ही, म्हणजे पॅचच्या ४५ अंशांतल्या दोन अक्षांवर वेगवेगळं सिम्युलेशन कर. दोन्हींच्या फेजमध्ये १८० अंशांचा फरक हवाच, पण दोन्हींच्या परावर्तन गुणांकाचं परिमाणही १ च्या जवळ हवं. एका अक्षाच्या आलेखात खोल खड्डा दिसला तर नुकसान तिथेच. एफआर-४ चा लॉस टँजंट (पदार्थ किती ऊर्जा खातो त्याचं माप) ०.०२ च्या आसपास असतो. अनुनाद जितका तीक्ष्ण, तितकं क्षेत्र त्या पातळ थरात कोंडतं आणि तापून संपतं.

रॉजर्स कंपनीचा कमी नुकसानीचा पत्रा महाग पडतो. त्याआधी एफआर-४ आणि मागचा तांब्याचा पत्रा यांच्यात ३ मिमी थर्माकोल घालून बघ, चवथीच्या मखराला लागायचा तोच. त्याचा परमिटिव्हिटी (विद्युतक्षेत्राला दिलेला प्रतिसाद) आकडा जवळपास हवेइतकाच. क्षेत्र हवेत पसरतं, नुकसान घटतं, पट्टाही रुंदावतो. मात्र जुना पॅच तसाच चालणार नाही. अनुनाद वर सरकेल, तेव्हा मापं नव्यानं काढ.

आणि एक, पावसाळ्यात इथे पत्रे दमट होतात. एफआर-४ पाणी शोषतो, म्हणून मोजणीआधी सुकवून घे. संदर्भ त्याच मापाच्या तांब्याच्या पत्र्याचाच घे, रिसीव्हर हॉर्न उभा ठेवून. मग मेटासरफेस लावून तो हॉर्न ९० अंश फिरव. पुढच्या वेळी पीसीआरऐवजी दोन्ही गुणांकांचे आलेख टाक.