सरकारी रोख्यातही तोटा होतो, तो कसा?

प्रश्न : मार्च 2023 मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा तिचा बराच पैसा सरकारी किंवा सरकारी पाठबळ असलेल्या रोख्यांत होता, असे वाचले. सरकार पैसे बुडवत नाही, तर मग बँक बुडाली कशी? माझ्या बचतीचा मोठा भाग दीर्घ मुदतीच्या रोखे फंडात असून त्याचे मूल्यही घटले आहे. तो काढून घ्यावा का?

उत्तर : रोखे काढणाऱ्यांनी या प्रकरणात खरोखरच कोणाचे पैसे थकवले नव्हते. बँकेला ते रोखे मुदत संपेपर्यंत सांभाळता आले असते, तर मुद्दल आणि ठरलेले व्याज पुरतेपणी मिळाले असते. अडचण आली ती मधल्या काळात.

दर्शनी किंमत 100, वार्षिक व्याज 2 टक्के आणि मुदत 10 वर्षे असलेला रोखा घ्या. बाजारातील व्याजदर 5 टक्के झाला, तर 2 टक्के देणारा हा जुना रोखा कोणी 100 ला घेणार नाही. हिशेब केल्यास त्याची किंमत साधारण 77 वर येते. त्याच रोख्याची मुदत एकच वर्ष उरली असती, तर किंमत 97 च्या आसपास राहिली असती. देणेकरी तोच आणि व्याजही तेच, पण मुदत लांब असल्यामुळे घसरण कितीतरी मोठी झाली.

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च 2022 मध्ये जवळपास शून्यावर असलेला दर फेब्रुवारी 2023 पर्यंत 4.5 ते 4.75 टक्क्यांवर नेला. सिलिकॉन व्हॅली बँकेचे ठेवीदार मुख्यतः नवउद्योग होते. त्यांना नवे भांडवल मिळेनासे झाले, तसे ते ठेवी काढू लागले. 8 मार्चला बँकेने सुमारे 2,100 कोटी डॉलरचे रोखे विकून 180 कोटी डॉलरचा तोटा झाल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी ठेवीदारांनी तब्बल 4,200 कोटी डॉलर काढण्यासाठी धाव घेतली. 10 मार्चला बँक बंद झाली. मागणी होताच द्यावा लागणारा पैसा तिने लांब मुदतीत अडकवला होता, आणि व्याजदर चढत असताना तो मोकळा करण्याची वेळ तिच्यावर आली.

आता आपल्या फंडाविषयी. एकेकट्या रोख्याला मुदत असते, पण बहुतेक रोखे फंडांना ती नसते. जुने रोखे संपतात, नवे घेतले जातात. म्हणून फंडाच्या मासिक माहितीपत्रकात ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ हा आकडा पाहावा, जो दुर्दैवाने परताव्याच्या ठळक आकड्यांखाली कोपऱ्यात छापलेला असतो. तो 7 असेल, तर व्याजदर 1 टक्क्याने वाढल्यास फंडाचे मूल्य ढोबळमानाने 7 टक्के घटते. मात्र वाढलेल्या दराने नवे रोखे घेतले जात असल्याने पुढील काही वर्षांत ही घट हळूहळू भरून येऊ शकते. त्यामुळे हा पैसा आठ-दहा वर्षे लागणार नसेल, तर केवळ मूल्य घटले म्हणून तो आता काढण्यात मला शहाणपण दिसत नाही. वर्षा-दोन वर्षांत शिक्षणासाठी किंवा घरासाठी लागणार असेल, तर तेवढा भाग तोटा सोसूनही अल्प मुदतीच्या साधनात हलवावा, कारण दर आणखी चढतील की उतरतील, हे खात्रीने कोणीच सांगू शकत नाही.

प्रश्न : त्या बँकेतील विम्याबाहेरच्या ठेवीही अखेर सुरक्षित राहिल्या. मग ठेव विम्याच्या मर्यादेकडे लक्ष द्यायचे कशाला?

उत्तर : तेथील विमा मर्यादा, म्हणजे बँक बुडाली तरी ठेवीदाराला परत मिळण्याची हमी असलेली रक्कम, अडीच लाख डॉलर होती आणि बँकेच्या 90 टक्क्यांहून अधिक ठेवी तिच्या बाहेर होत्या. घबराट इतर बँकांत पसरू नये म्हणून 12 मार्चला सरकारने सर्व ठेवीदारांना अपवाद म्हणून संरक्षण दिले. भागधारकांना ते मिळाले नाही. असा अपवाद आपल्या बँकेसाठी होईलच, असे गृहीत धरून ठेव ठेवू नये. एक बारीक गोष्टही लक्षात असू द्यावी : एकाच बँकेच्या दोन शाखांत एकाच नावाने ठेवलेल्या ठेवी विम्यासाठी सहसा एकत्र मोजल्या जातात, त्यामुळे शाखा बदलल्याने विम्याचे छत्र वाढत नाही.